जयवंतकाकांची स्क्रीन

"आदी माणसाक बघा गो, मशीन मगे," कांतामावशी जिन्यातच माझी वाट अडवून म्हणाल्या.

माझ्या कडेवर मनवा, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मनवाचं नाक सकाळपासून वाहत होतं आणि कपाळ किंचित कोमट लागत होतं, म्हणून माझं अर्धं लक्ष तिच्या श्वासाकडे. मी नुसतं "हो मावशी" म्हटलं.

"हो काय हो? अर्धी दाढी करतंत ते. उजवो गाल गुळगुळीत, डाव्याक ब्लेडच लागूक नाय. काल गॅलरीत माझी बादली लाथाडल्यानी. दिसली नाय म्हणतंत. एवढी मोठी निळी बादली!"

"अहो, जयवंतकाकांची स्क्रीन बिघडलीय ना. दिवसभर त्या अर्ध्या स्क्रीनमध्ये डोळे ताणून बसतात. लक्ष नसतं मग."

"स्क्रीन," मावशी म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. पदराने मनवाचं नाक पुसायला मात्र विसरल्या नाहीत.

चिंचपोकळी स्टेशनला लागून असलेल्या त्या चाळीत जयवंतकाका पेडणेकर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. शेजारच्या खोलीत कांतामावशी. काका एका शिपिंग कंपनीत टेलेक्स ऑपरेटर होते, तारेवरून परगावी संदेश टाइप करून पाठवायचे. टेलेक्स गेलं, कॉम्प्युटर आले, त्यांचे साहेब बदलले, शेवटी कंपनीच गेली. काकांची टायपिंगची बोटं तेवढी राहिली. कीबोर्डकडे न बघता, समोरच्याशी बोलत बोलत ते टाइप करतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. आहे तो आमचा ग्रुप.

ग्रुप म्हणजे लिनक्सवाल्यांचा. लिनक्स म्हणजे काय ते मी माझ्या सासूबाईंना सांगते तसं सांगते. कॉम्प्युटर चालवणारी ही एक व्यवस्था, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि फुकट वाटलेली. ती बिघडली की कुठल्या कंपनीला फोन करता येत नाही, एकमेकांनाच विचारावं लागतं. म्हणून आम्ही महिन्यातून एका रविवारी लालबागच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो, आणि एरवी फोनवरच्या ग्रुपमध्ये विचारतो. विचारणारे आम्ही सगळे. उत्तर देणारे बहुतेक वेळा जयवंतकाका.

मनवा झाली तेव्हा मी नोकरी सोडली आणि घरबसल्या एका प्रकाशनासाठी पुस्तकांची पानं लावायला लागले. जुना लॅपटॉप रडतखडत चालायचा. त्यावर काकांनी लिनक्स घालून दिलं. जोडाक्षरं तुटून दिसत होती, तीही त्यांनी फोनवरून दुरुस्त करून घेतली. ते एक ओळ सांगायचे, मी टाइप करायची, तेवढ्यात मनवा भोकाड पसरायची. लगेच काका थांबायचे. "घे तिला. मी धरतो फोन." आणि खरंच धरायचे. मी तिला थोपटून परत यायची तेव्हा पलीकडून त्यांच्या पंख्याचा आवाज येत असायचा.

असा माणूस ग्रुपवर पहिल्यांदाच स्वतःचा प्रश्न घेऊन आला. त्यांच्या नेहमीच्या सरकारी मराठीत लिहिलं होतं: "स्क्रीनचा डावीकडील भाग दिसेनासा झाला आहे. ओळींची सुरुवात वाचता येत नाही. मार्गदर्शन करावे."

आम्हाला कोण आनंद झाला! इतक्या वर्षांनी उतराई व्हायची संधी. जो तो तुटून पडला. कुणी म्हणालं रिझोल्यूशन तपासा, कुणी म्हणालं ड्रायव्हर काढून परत टाका. काकांनी सगळं क्रमाने करून पाहिलं आणि प्रत्येकाला उलट कळवलं. मग सुमेधाने स्क्रीनशॉट मागितला, म्हणजे स्क्रीनवर जे आहे त्याचं मशीननेच काढलेलं चित्र. सुमेधा बँकेत सर्व्हर सांभाळते, ग्रुपमध्ये तिच्या शब्दाला वजन आहे. चित्र आलं. त्यात सगळं जागच्या जागी होतं. डावीकडची अक्षरंही.

"म्हणजे आतून ठीक आहे," सुमेधाने लिहिलं. "काचेत किंवा केबलमध्ये गडबड. हार्डवेअर बदलून बघा."

तर्क बिनचूक होता. आजही मला त्यात चूक काढता येत नाही.

कांतामावशींनी जिन्यात अडवलं त्या दिवशी मी वर गेले ती दीपकला मदत करायला. दीपकचं लालबागला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो दुकानातला मॉनिटर खांद्यावर टाकून आला होता आणि काकांच्या टेबलाखाली आडवा पडून केबल खेचत होता.

"काका, हा घ्या. एकदम टकाटक पीस. आता बोला."

काका खुर्चीत बसले. थोडा वेळ पाहिलं. "तसंच आहे रे."

"काय बोलता!" दीपक बाहेर आला. काकांना उठवून स्वतः बसला. "मला तर फुल दिसतंय. मृणाल, तू बघ."

मी मनवाला सांभाळत वाकून पाहिलं. "मलाही दिसतंय."

"बघा! मी आलो की सरळ वागतं," दीपक हसला. "दुकानात रोजचं आहे हे. कस्टमर बोंबलत येतो, चालत नाय, चालत नाय. मी नुसता हात लावला की चालू. गिऱ्हाईक बोलतं, भाऊ, तुला घाबरतं."

"टेलेक्सचं पण तसंच होतं," काका म्हणाले. "मेकॅनिक दारात दिसला की टकटक सुरू."

सगळे हसलो. हे आमच्यात सगळ्यांना पटलेलं आहे. बिघाड माणूस ओळखतो, जाणकार समोर आला की दडून बसतो. म्हणून तिघांपैकी दोघांना दिसतंय आणि एकाला नाही, याचं आम्हाला नवल वाटलं नाही. दीपकने ग्रुपवर टाकलं, मॉनिटर ओके, केबल ओके, स्क्रीनला चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड मधूनमधून दगा देतंय. कार्ड मागवायचं ठरलं.

निघताना मी काकांच्या गालाकडे पाहिलं. डावीकडे पांढरे खुंट होते. म्हातारा एकटा माणूस, राहिली असेल थोडी दाढी. मनवा शिंकली आणि मी तिला टोपी घालायला लागले.

मग तो रविवार आला. वाचनालयाच्या खोलीत आम्ही सतरंजीवर वर्तुळ करून बसलो होतो. सुमेधाने घरून उपमा आणि शिरा आणला होता. कागदी प्लेटमध्ये एका बाजूला उपमा, एका बाजूला शिरा, असं वाढून ती फिरत होती. मनवाला मी चिमूट चिमूट भरवत होते. आई झाल्यापासून मला दुसऱ्यांच्या ताटात बघायची खोड लागली आहे. कोण किती खातंय, काय टाकतंय, डोळे आपोआप जातात.

काकांचा उपमा संपला होता. चाटूनपुसून. शिरा मात्र होता तसा होता. मधोमध सुरीने कापावी तशी सरळ हद्द.

"काका, शिरा नाही आवडत?"

"कोण म्हणतो? शिऱ्यासाठी जीव देईन. या खेपेला सुमेधाने केलेला दिसत नाही."

सुमेधा पलीकडून म्हणाली, "काय हो काका, टोमणे?"

काका टोमणा मारत नव्हते. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. मी हात पुढे केला आणि त्यांची प्लेट गोल फिरवली.

"अरे!" ते खूश होऊन म्हणाले. "हा बघ, आहे की!" आणि खायला लागले.

आधी दीपक हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सतरंजीवर पुढे सरकला. सुमेधाच्या हातात डाव होता, तो तिने हळूच भांड्यात ठेवला. मी काकांच्या डाव्या अंगाला सरकले आणि माझा पंजा त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर धरला.

"काका, समोर बघा. किती बोटं आहेत?"

"कुठली बोटं?"

मनवा "बोतं, बोतं" म्हणत स्वतःची नाचवत होती.

"मृणाल," काका पुढे बघूनच हळू आवाजात म्हणाले, "बोटं आहेत का तिथं?"

परळच्या हॉस्पिटलात टॅक्सीने गेलो. दीपक पुढे, काका मागे सुमेधाच्या आणि माझ्या मधोमध, मनवा मांडीवर झोपलेली. डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण नीट समजावलं. डोळे ठणठणीत. मेंदूची एक रक्तवाहिनी तुंबलेली, लहानसा झटका, बहुधा आठवड्यापूर्वीचा किंवा त्याहून जुना. त्याने दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेली. हातापायात जोर होता, बोलणं स्वच्छ होतं, म्हणून कळलं नाही. गेलेलं किती परत येईल सांगता येत नाही. दुसरा झटका येऊ नये, एवढं मात्र आता पाहायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि शक्यतो एकटं राहायचं नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मॉनिटर चांगला आहे," ते म्हणाले.

"कोणता मॉनिटर?" डॉक्टरांनी विचारलं.

बाहेर बाकावर दीपक डोकं धरून बसला होता. "केबल बदलली, मॉनिटर बदलला, कार्ड मागवायला निघालो. सगळं बदलून बघितलं यार आपण." मग मान वर करून म्हणाला, "एकानं तरी विचारायचं ना, काका, डोकं दुखतं का?"

सुमेधा म्हणाली, "मी स्क्रीनशॉट मागितला."

काका घरी आले आणि पुढचे दिवस ग्रुपने वाटून घेतले. सकाळच्या गोळ्या कांतामावशी बघायच्या. दुपारी मी मनवाला घेऊन जायची आणि तिथेच बसून माझी पानं लावायची. संध्याकाळी दुकान बंद झालं की दीपक. दमायला व्हायचं. शंतनु, माझा नवरा, एकदा म्हणाला, "तुझी स्वतःची झोप कधी होणार?" त्याचं खोटं नव्हतं. पण ग्रुपवर आलेल्या प्रश्नांना उत्तरं मिळत नव्हती आणि ते बघवत नव्हतं.

सुमेधाने दोन दिवस खपून काकांच्या मशीनमध्ये एक सोय केली. सगळ्या खिडक्या, सगळी अक्षरं स्क्रीनच्या उजव्या अर्ध्यात यायची. डावी बाजू काळी.

काकांनी कौतुकाने पाहिलं, दोनचार ओळी टाइप केल्या. मग म्हणाले, "सुमेधा, छान केलंस. आता काढ."

"का हो? वाचता येतंय ना सगळं?"

"इथं येतंय. गॅलरी कोण उजवीकडे सरकवणार? जिना? स्क्रीन आहे तेवढीच राहू दे गो. मान माझी आहे, ती मी वळवीन."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी एक युक्ती शिकवली होती. मॉनिटरच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल पट्टी चिकटवायची, आणि लाल दिसेपर्यंत मान वळवायची. दिसली की समजायचं, ओळ इथून सुरू होते. पट्टी कांतामावशींनी चिकटवली, हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेल्या ब्लाउजपीसची, खळ लावून. "टेप काय निघान जाता," म्हणाल्या.

आमच्यात एक शिस्त आहे, काकांनीच घातलेली. ज्याने प्रश्न विचारला, त्यानेच शेवटी लिहायचं की बिघाड नेमका काय होता आणि कशाने गेला. म्हणजे पुढच्याला उपयोग होतो. जो लिहिणार नाही त्याला काका टोचायचे. त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाचं कुणी नावही काढत नव्हतं. एका दुपारी मनवा त्यांच्या पलंगावर झोपली होती, मी पान लावत होते, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली. मान वळवली, लाल सापडली, टाइप करायला लागले. एरवी जे चुटकीसरशी व्हायचं त्याला बराच वेळ लागला. मी मदत करायला उठले नाही. माझ्या फोनवर ग्रुपचा आवाज वाजला तेव्हा वाचलं:

"बिघाड मशीनमध्ये नव्हता, वापरणाऱ्यात होता. मॉनिटर दीपक यांना साभार परत. कार्ड मागवू नये. उपाय अंशतः लागू पडला आहे. प्रश्न बंद करावा."

खाली सगळ्यांनी नुसते नमस्कार टाकले. दीपक त्या संध्याकाळी लवकर आला आणि मॉनिटर न नेता परत गेला.

आता काका परत उत्तरं देतात. उशिरा येतात, पण येतात. आम्ही मात्र या महिन्याअखेर अंबरनाथला जातोय, इथलं भाडं आणि मनवाची शाळा दोन्ही झेपणार नाही. कांतामावशींच्या सुनेचं बाळंतपण मालवणला, त्या गेल्या की लवकर येणार नाहीत. दीपक जाऊन येतो, सुमेधा जाते, पण दुपार मोकळी राहते. माझा जीव त्या दुपारीत अडकून आहे.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही कधी दुपारच्या वेळी चिंचपोकळीला उतरलात, तर पूल ओलांडून डाव्या अंगाच्या चाळीत जा. तिसरा मजला, पेडणेकर विचारा, दार उघडंच असतं. गोळ्या घेतल्या का, एवढं विचारून या. फक्त दारात उभे राहून हाक मारू नका, दार त्यांच्या डाव्या हाताला येतं, ते दचकतात. आत जा, खुर्चीला वळसा घालून उजवीकडे उभे राहा. ते मान वळवून ओळीची सुरुवात शोधत असतील. ती सापडू दे. मग बोला.