एका दोराचे दोघे

फेर्मीनने गोठलेली मेंढीची तंगडी उचलून ओल्मेदोच्या कानशिलात हाणली, तेव्हा दक्षिणेच्या बर्फातल्या त्या तळावर कुणालाच नवल वाटलं नाही. आठवडाभर तो थांबला कसा, याचंच वाटलं.

फेर्मीन मेकॅनिक. तुंबलेली नळी दिसली की त्याची बोटं ऐकत नाहीत. जेवणघरात माते फिरत होता. ओल्मेदो कडू पाल्यावर गरम पाणी ओतून तुंबा भरायचा. ज्याने त्याने नळीने ओढून रिकामा करायचा आणि परत द्यायचा, की पुढच्याचा भरायचा. फेर्मीनच्या नंबराला नळी अडली आणि त्याने ती सरळ ढवळली. दुसऱ्याने भरलेल्या मात्यात! ओल्मेदोच्या मुलखात, कोरिएन्तेसला, त्यापेक्षा माणसाच्या बायकोचा हात धरलेला बरा. निदान त्यावर बोलाचाली तरी होते. दुसऱ्या दिवसापासून तुंबा फेर्मीनला ओलांडून पुढे जाऊ लागला.

हिवाळा अख्खा शिल्लक होता. अशा जागी वाळीत पडलेल्या माणसाने जावं कुठे? पेंग्विनसुद्धा निघून गेले होते. फेर्मीनला माते तसा फारसा आवडतही नसे. पण सगळं टेबल आपल्यादेखत चोखतं आणि आपण भिंतीवरचा नकाशा वाचत बसायचं, याने माणूस सुकत जातो. त्याला फक्त आपला नंबर परत हवा होता. मागायची लाज वाटली, म्हणून त्याने तंगडी उचलली.

ओल्मेदोने रक्ताळल्या कानाने किटली त्याच्या मांडीवर रिकामी केली. मात्याला उकळतं पाणी चालत नाही, म्हणून मांडी वाचली.

कमांडर इबार्रांचा कायदा एका ओळीचा होता: जे भांडतील ते एका दोराला. दुसऱ्या दिवशी हिमनदीवरच्या हवामानखांबाचा बर्फ खरवडायला दोघांना एकाच दोराने बांधून पाठवलं.

"दोर ताणलेला ठेव," ओल्मेदो पुढून म्हणाला.

"तुझ्या गळ्यात असता तर ठेवला असता."

"मेंढी मारून पोट भरलं नाही वाटतं?"

"मेंढीला अक्कल होती रे. ती नळीवरून रुसत नव्हती."

ओल्मेदो वळला आणि कुदळीचा दांडा त्याने फेर्मीनच्या बरगडीत घातला. काहीतरी कडकलं. फेर्मीनने त्याच्या पोटात डोकं खुपसलं. दोघं गडगडत काठ्या रोवलेल्या वाटेच्या बाहेर गेले, एकमेकांचे कान ओढत, थुंकत. पांढऱ्यावर लाल शिंतोडे उडत होते. फेर्मीनने एक सणसणीत लाथ घातली. ओल्मेदो चार पावलं मागे गेला, आणि पाचव्याला बर्फाने त्याला गिळलं.

दोराने फेर्मीनला फरफटत नेलं. त्याने हातातली बर्फकुऱ्हाड रोवली आणि तिच्यावर पालथा पडला. खांदा उखळीतून निसटला. तो ओरडला, ते खालच्या भेगेतून दोनदा परत आलं.

"जिवंत आहेस?" त्याने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"हे बघ. वर ओढतो. पण उद्यापासून माझा नंबर मला द्यायचा."

"नळी ढवळणाऱ्याला? नाही."

"अरे गाढवा, लोंबकळतोयस तू!"

"लोंबकळताना दिलेला शब्द मी पाळणार नाही. आत्ताच सांगतोय."

फेर्मीनचा हात पट्ट्यातल्या सुरीवर गेला. तो तिथे बराच वेळ राहिला. एक घाव, आणि बरगडीचं, खांद्याचं, नकाशाचं सगळं उट्टं निघत होतं. मग त्याच्या मनात आलं, ओल्मेदो गेला तर किटली कमांडरांच्या हातात जाणार, आणि कमांडर पाणी उकळतात.

तो एवढंच स्वतःला सांगत राहिला. एका हाताने त्याने मळसूत्राचा खुंटा बर्फात फिरवला, दोर त्याला अडकवला, दोन कप्प्या लावल्या आणि दातांनी, गुडघ्यांनी, शिव्यांनी ओल्मेदोला टिचाटिचाने वर घेतलं. तासभर चाललं असेल. काठावर निळं पडलेलं तोंड उगवलं.

ओल्मेदो वर आला, गुडघ्यावर उभा राहिला, थोडा दम घेतला, आणि फेर्मीनच्या जबड्यावर ठोसा मारला. जबडा मोडला. ओल्मेदोची दोन बोटंही मोडली.

"लाथेबद्दल," तो म्हणाला.

मग त्याने फेर्मीनला खांद्याखाली धरलं आणि दोघं तळाकडे निघाले. हवामानखांब तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी फेर्मीनचा खांदा बसवला, जबड्याखालून डोक्याभोवती फडकं आवळलं. "पडलात?" त्यांनी विचारलं. दोघांनीही होकाराची मान हलवली.

संध्याकाळी ओल्मेदो डाव्या हाताने तुंबा भरत होता. निम्मं पाणी टेबलावर सांडत होतं. कुणी हसलं नाही. तुंबा फिरत फेर्मीनच्या शेजाऱ्याकडून परत आला. ओल्मेदोने तो पुन्हा भरला आणि फेर्मीनसमोर ठेवला.

"माणूस घाणेरडा आहे," तो टेबलाला म्हणाला. "दोर धरतो पण."

सगळे बघत होते. फेर्मीनचे ओठ फुगून पावाएवढे झाले होते, दात एकमेकांवर बसत नव्हते. नळी तोंडात शिरेना. रिकामा न करता तुंबा परत देणं हा तर आणखी मोठा अपमान. त्याने नळी फुटलेल्या कोपऱ्यातून आत सरकवली, डोळे मिटले आणि ओढलं. कडू पाणी जखमेवरून विस्तवासारखं गेलं. डोळ्यांतून धारा लागल्या, हनुवटीवरून हिरवं-लाल ओघळलं.

तळाशी नळी खर्रकन वाजेपर्यंत तो थांबला नाही. मग त्याने तुंबा परत पुढे केला.

ओल्मेदोने त्यावरचं रक्त बाहीने पुसलं आणि पुढच्याचा भरला.