पहिल्या तेलाचा वाडगा

मी एक जुना मातीचा वाडगा आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर आज जी चकाकी दिसते ती माझी नव्हे. ती मला लावली गेली आणि तेव्हापासून माझ्यात कुणी खात नाही. हे कसं झालं ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म ट्युनिशियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात झाला. तिकडे भांडी बायकाच घडवतात, चाकाशिवाय, नुसत्या हातांनी. जुनी फुटकी भांडी कुटून त्यांचा चुरा त्या नव्या मातीत मळतात, म्हणजे भाजताना भांडं तडकत नाही. त्यामुळे माझ्याही अंगात कुठल्यातरी पणजीचे तुकडे आहेत आणि मला त्याचा अभिमान वाटतो. मला घडवणाऱ्या बाईंनी शिंपल्यानं घासून घासून मला गुळगुळीत केलं आणि आपल्या लेकीच्या, मबरूकाच्या, लग्नात तिच्या सामानात बांधून दिलं. तिच्याबरोबर मी समुद्राकडच्या बीर सुलतान या गावी आलो.

मबरूकाच्या नवऱ्याचा ऑलिव्हचा घाणा होता. हिवाळ्यात शेतकरी आपापली फळं घेऊन यायचे आणि तेल निघेपर्यंत तिथेच ठाण मांडून बसायचे. घाणेवाल्यावर विश्वास पुरेपूर, पण नजर आपल्या पोत्यावरून हलायची नाही. तेल आलं की पहिली धार माझ्यात पडे. शेतकरी गरम रोटीचा तुकडा मोडून माझ्यात बुडवी आणि पहिला घास घाणेवाल्याला भरवी. ताजं तेल घशाला झोंबतं. घाणेवाल्याला ठसका लागला की सगळे हसत, 'तेल जिवंत आहे' म्हणत, आणि मगच ते तेल घरी जाई. ठसका येईपर्यंत कुणी जागचं उठत नसे. माझं सारं सुख त्या ठसक्यात होतं.

नवरा गेला तेव्हा मबरूकाचा मुलगा लझहर नुकताच मिसरूड फुटलेला होता. घाणा त्याच्याकडे आला. शेजारच्या बागेच्या जिलानीकाकांनी त्याला पहिला घास भरवला आणि तो असा ठसकला की डोळ्यांतून पाणी आलं.

"झाला, घाणेवाला झाला," काका म्हणाले. "आता डोळे पूस आणि दुसरा घास घे. बाप तुझा असा रडत नव्हता."

लझहर मोठा हुशार. गावचं तेल त्यानं बाटल्यांत भरलं, बाटल्या जहाजांत भरल्या, आणि बघता बघता तो मोठ्या कंपनीचा मालक झाला. राजधानीत त्याचं काचेचं ऑफिस उभं राहिलं. गावचा घाणा त्यानं आईकडे सोपवला आणि मला सोबत नेलं. ऑफिसात मला काचेच्या कपाटात ठेवून वर दिवा लावला. येणारा जाणारा माझं कौतुक करी. पण मित्रांनो, त्या कपाटात मला तेलाचा थेंब दिसला नाही. गावात पहिला घास आता मबरूकाला मिळे, तोही एका पत्र्याच्या ताटलीतून.

मग कुणीतरी लझहरच्या डोक्यात भरवलं की ज्याला एवढी कंपनी चालवता येते त्याला देश चालवणं काय अवघड आहे. लोक पुढाऱ्यांना विटले होतेच. लझहर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. मबरूका त्याला भेटायला ऑफिसात आली तेव्हा मी कपाटातून सगळं ऐकत होतो.

"अरे, नगरपालिकेला तरी एकदा उभा राहिला असतास," ती म्हणाली. "एकदम राष्ट्राध्यक्ष? आपल्या गल्लीतला नळ कुणाला सांगून दुरुस्त होतो ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"आई, नळ दुरुस्त करायला माणसं ठेवता येतात."

"हो, माणसं ठेव. बोलायला पण ठेव, खायला पण ठेव."

माणसं त्यानं खरंच ठेवली. त्यांतला मुख्य अनीस, राजधानीतला, जाहिराती करणारा. लझहर मुळातला घाणेवाला आहे हे लोकांना दिसलं पाहिजे, असं त्यानं ठरवलं. मला कपाटातून काढलं. फोटोत मी फिका दिसतो म्हणून माझ्यावर चकचकीत व्हार्निश चढवलं. तो वास आजही माझ्या अंगातून गेलेला नाही.

सभा बीर सुलतानला, घाण्याच्या अंगणात झाली. सगळं गाव आलं होतं. टेबलावर मला ठेवून अनीसनं कंपनीच्या बाटलीतलं तेल माझ्यात ओतलं आणि जिलानीकाकांना पुढे बोलावलं. त्यांनी पहिला घास भरवायचा होता. काकांनी रोटी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या झाडांकडे पाहिलं. उन्हाळा सरत होता. फळं अजून कच्ची, हिरवी होती. फळं उतरायला कितीतरी अवकाश होता.

"लझहर," काका हळूच म्हणाले, "हे पहिलं तेल कुठल्या झाडाचं रे, पोरा?"

मित्रांनो, त्या क्षणी लझहर नुसता हसला असता आणि 'चुकलं काका, हिवाळ्यात येतो' म्हणाला असता, तर गावानं त्याला डोक्यावर घेतलं असतं. तो हसणार असं मला वाटलं. मी मनात त्याला विनवत होतो. पण अनीसनं खूण केली, कॅमेरा पुढे सरकला.

"चित्रीकरण चालू आहे, काका," लझहर म्हणाला. "घास द्या ना."

काकांनी घास दिला. लझहरनं तो चावला, गिळला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. त्याला ठसका लागला नाही. लागणार कसा? लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मागच्या रांगेतली माणसं उठून चालू लागली.

अनीसचं माझ्याशी काम संपलं होतं. तो मला घाण्याच्या खिडकीत विसरून गेला. मतदानाच्या दिवशी निळं बोट घेऊन लोक घाण्यावरून जात होते, पण आत कुणी डोकावत नव्हतं. लझहर देशात तर हरलाच, आपल्या गावातही हरला.

हिवाळ्यात घाणा सुरू झाला तेव्हा तो एकटाच आला. ना गाड्या, ना अनीस. आईच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. जिलानीकाकांचं तेल निघत होतं. हिरवी, दाट धार पत्र्याच्या ताटलीत पडली. काकांनी रोटी मोडली, बुडवली आणि मबरूकाला भरवली. ती ठसकली, सगळे हसले. लझहर दोन पावलं पुढे आला होता. त्याचे ओठ किंचित उघडले होते. मला ते पाहवलं नाही.

काकांनी त्याला पाहिलं. एक लहान बाटली घेतली, तिच्यात तेल भरलं, बूच घट्ट लावलं आणि ती पुसून त्याच्या हातात दिली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "लांबून आलायस, रिकाम्या हातानं कसा पाठवू?"

बीर सुलतानला पाहुण्याला असंच तेल देतात.

लझहरनं बाटली खिशात घातली. मग खिडकीशी येऊन त्यानं मला उचललं आणि नखानं माझ्यावरचं व्हार्निश खरवडू लागला.

"निघत नाही रे ते," मबरूका म्हणाली. "राखेनं घासून पाहिलं मी."

मित्रांनो, मी अजून त्या खिडकीत आहे. दर हिवाळ्यात ताज्या तेलाचा वास येतो, ठसके ऐकू येतात. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल तर त्याला सजवून ठेवू नका, त्यात जेवा. त्याचे टवके उडाले तरी चालतील. आणि माझ्यासाठी काही करायचं असेल तर मला फोडा, कुटा आणि डोंगरातल्या एखाद्या बाईच्या ओल्या मातीत मिसळा. भट्टीत व्हार्निश जळून जातं म्हणे.