बुधवारच्या लांब पेशी

झोर्नित्साचं सगळं संशोधन एका गोष्टीभोवती फिरत होतं. पेशीला उष्णतेचा चटका बसला की काही प्रथिनं मदतीला धावतात, मोडायला आलेल्या इतर प्रथिनांना सावरतात, आणि पेशी वेळच्या वेळी दुभंगत राहते. तिने ज्या जिवाणूंमधून हे मदतनीस काढून टाकले होते, ते उष्णतेत दुभंगायचं विसरून नुसते लांबत जायचे, न मोडलेल्या शेवयांसारखे. तीस अंशांवर मात्र गुण्यागोविंदाने एकाचे दोन, दोनाचे चार.

पण गेले दोन महिने तीस अंशांवरच्या कुप्यांतही शेवया निघत होत्या. त्याही फक्त गुरुवारी सकाळी.

प्रयोगशाळेचे प्रमुख हाजीएव सर, त्यांना गुरुवारच्या कुप्या फार आवडल्या. "म्हणजे मदतनीस थंडाव्यातही लागतात! हे अजून कुणी दाखवलेलं नाही," म्हणत ते लेख लिहायला बसले. उरलेल्या दिवसांच्या कुप्या त्यांनी 'हाताची चूक' म्हणून बाजूला सारल्या. झोर्नित्साची नोकरी जूनपर्यंतच होती; लेख छापून आला तर आणखी दोन वर्षं.

तिचा बोयान सव्वा वर्षाचा. दिवसातून तीनदा त्याचा ताप मोजून ती वहीत लिहायची, बाटल्या दोनदा उकळायची. दुकानातलं दही नाही म्हणजे नाही. प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या स्तांका मावशी दर गुरुवारी घरच्या दह्याची बरणी द्यायच्या, तेवढ्यावरच तिचा विश्वास.

मार्चमधल्या एका बुधवारी संध्याकाळी बोयानला पाळणाघरातून घेतल्यावर तिला आठवलं, त्याचा थर्मामीटर प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या खणातच राहिला. पोराला कडेवर घेऊन ती तशीच परतली. कुप्या उबेत ठेवायच्या कपाटाचं, इन्क्युबेटरचं, दार नेहमीपेक्षा गरम लागलं म्हणून उघडलं, तर तिच्या कुप्यांशेजारी लोकरीच्या शालीत गुंडाळलेल्या दहा बरण्या.

"दार लाव गं पोरी, अजून लागायचंय ते," मागून स्तांका मावशी म्हणाल्या.

"मावशी! दही? इथे? माझ्या जिवाणूंत?"

"घरी ज्यावर दही लावते तो खोली तापवायचा रेडिएटर मेला जानेवारीपासून कोमट. इथं तीन तासांत सुरी उभी राहील असं घट्ट लागतं. आणि वाढवलेला काटा जाताना परत तीसवर आणते की! मी काय अडाणी आहे?"

"माझं बाळ दोन महिने हे खातंय!"

"मग बघ त्याचे गाल. तुझ्या उकळलेल्या बाटल्यांनी आलेत होय?"

घरी जाताना झोर्नित्साने हिशेब मांडून पाहिला. गप्प बसलं तर दोन वर्षं पदरात. पण दुसऱ्या कुठल्या देशात कुणी हा निष्कर्ष पडताळायला घेतला, तर स्तांका मावशींनाही पार्सल करून पाठवावं लागणार.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगून टाकलं. सर तेव्हा दहीच खात होते. चमचा हवेत थांबला.

"दहा बरण्या म्हणालीस?"

"हो सर. एक तुमची."

सरांनी चमच्याकडे पाहिलं, मग तोंडात घातला.

"काटा तीसवर आल्यानंतर रात्र गेली. तरी सकाळी पेशी लांबच?"

"लांबच. ज्यांच्यातले मदतनीस काढले नव्हते, त्या पेशी मात्र सावरलेल्या होत्या."

"म्हणजे मदतनीस थंडाव्यात लागत नाहीत," त्यांनी लेखाच्या नावावर सावकाश रेघ मारली, "चटक्यातून उठायला लागतात. तापमान नेमकं किती होतं?"

स्तांका मावशींना बोलावणं गेलं.

"करंगळी दुधात बुडवायची. दहा मोजेपर्यंत सोसली पाहिजे."

"अंश, मावशी, अंश!"

"करंगळीला अंश नसतात, साहेब. आणि तो तुमचा काटा खोटारडा आहे. वीस वर्षं बघतेय."

पुढच्या बुधवारी मावशींची करंगळी आणि झोर्नित्साचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर इन्क्युबेटरमधल्या एकाच पातेल्यात बुडाले. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा त्रेचाळीस. काट्याकडे पाहिलं, तर तो छत्तीस दाखवत होता. तिच्या प्रयोगाच्या वहीतल्या सगळ्याच तापमानांचं आता काय करायचं, हा प्रश्न सरांनी मोठेपणाने तिच्यावर सोपवला. त्यासाठी नोकरी वाढली. दोन वर्षं नव्हे, सहा महिने. दह्यासाठी वेगळा इन्क्युबेटर मिळाला, तोही तिच्या नोकरीपेक्षा लवकर मंजूर होऊन.

त्या संध्याकाळी बोयानचा ताप छत्तीस पूर्णांक सहा भरला. झोर्नित्साने वहीत लिहिला. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून करंगळी त्याच्या कपाळाला लावली आणि दहापर्यंत मोजलं.