कोरड्या कारंज्याचा महापौर

अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष प्रतापकाका दर कार्यक्रमात आधी स्वतः बोलत, मग पाहुण्यांची ओळख करून द्यायला बोलत, आणि आभार मानायलाही तेच उठत. त्यांच्या भाषणांपायी गेल्या गणपतीत गिरिजाची एकांकिका ऐनवेळी कॅन्सल झाली. तो राग तिच्या मनातून जाईना.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिने एक जुना इटालियन विनोदी सिनेमा पाहिला. त्यातला महापौर गावातल्या ठणठणीत कोरड्या कारंज्याचं दर निवडणुकीला नव्याने उद्घाटन करतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. गिरिजा हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मग उठली आणि त्यावरून एकांकिका लिहायला बसली. महापौराच्या तोंडी तिने प्रतापकाकांची वाक्यं जशीच्या तशी घातली.

"निदान महापौराचं नाव तरी इटालियन ठेव," तिचा नवरा सुमंत म्हणाला.

मंडळाकडे स्क्रिप्ट गेलं आणि काकांचा फोन आला.

"महापौराचं काम मी करणार," काका म्हणाले.

नाही म्हणायची सोयच नव्हती. तालमीत ते उलट तिलाच सुचवू लागले. "हा माणूस फीत कापून थांबणार नाही गं. फोटो हलला म्हणून ती पुन्हा बांधायला लावेल." गिरिजा लिहून घेई. ते प्रसंग तिने लिहिलेल्यांपेक्षा सरस होते, हे तिला मनातून कबूल होतं.

संक्रांतीच्या प्रयोगाला शाळेचं ऑडिटोरियम हसून दमलं. पुढच्या रांगेत काकांची बायको, सीमाकाकू, पदराने डोळे पुसत होत्या.

नंतर विंगेत काका खोटी मिशी सोडवत बसले होते.

"काका, तुम्हाला राग नाही आला?" गिरिजाने विचारलं.

"आला ना. सीमाला वाचून दाखवलं, तर ती इतकी हसली, की म्हटलं, हा मीच असणार, मग करावाही मीच." त्यांनी मिशीचं एक टोक सोडवलं. "दर वर्षी विचारतो, अध्यक्ष कोण होतंय? सगळे खाली बघतात. मग वाटतं, राबायचं आपणच, तर माइक तरी आपल्याकडे असू दे. तू होतेस का अध्यक्ष?"

गिरिजाला ऑफिस आठवलं, घर आठवलं. तरी ती म्हणाली, "होते. पण नाटकात तुम्ही लागाल."

"रोल मोठा असेल तर येईन," काका म्हणाले, आणि मिशीचं शेवटचं टोक ओढताना कळवळले.