खरवडीचा क्रमांक

शेवटी खरवडीला राष्ट्रीय अन्नसूचीत स्वतःचा क्रमांक मिळाला: अकराशे सत्तेचाळीस. अकराशे सेहेचाळीसवर डबाबंद अननस, अकराशे अठ्ठेचाळीसवर खसखस, आणि दोघांना कोपराने सरकवून मधे बसलेलं हे भांड्याच्या बुडाला चिकटलेलं जेवण.

आता हे घडलंच नाही असं धरून चला. कारण ज्या मंगळवारी ही गोष्ट सुरू होते, त्या मंगळवारी असं काही बोलणाऱ्याला राजधानीतल्या कार्यालयाने वेड्यात काढलं असतं.

त्या मंगळवारी आलं होतं ते पत्र. ‘आपण भरलेले एकसष्ट फॉर्म अशक्य आढळल्याने रद्द करण्यात येत आहेत. हरकत असल्यास तीन दिवसांत समक्ष यावे.’ पत्र ग्रॅमताईच्या नावाने होतं. तिचं खरं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं, पण ओळखपत्र गळ्यात कायम उलटं लटकायचं. भाचीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा हातात पडताच ‘पंच्याऐंशी’ असं ती बोलून गेली होती, तेव्हापासून घरचे-दारचे सगळे तिला ग्रॅमताईच म्हणायचे.

तिचं काम राष्ट्रीय आहार पाहणीचं. घरोघरी जायचं आणि माणसं काय, किती खातात ते लिहून आणायचं. पिशवीत एक काटा, ठरावीक मापाच्या वाट्या, दोन चमचे आणि अन्नाच्या फोटोंचं पुस्तक. त्या पुस्तकातला बटाटा इतका देखणा होता की कुठल्याही घरातल्या बटाट्याने त्याच्याशी नातं सांगितलं नव्हतं.

फॉर्म भरायच्या दोन रीती होत्या. एक, काल काय खाल्लं ते वाट्यांमध्ये विचारायचं. याला चाळीस मिनिटं. दुसरी, जेवणाच्या वेळेला घरात बसून काट्यावर मोजायचं. याला अख्खा दिवस. दोन्ही रीतींचं कौतुक सारखंच व्हायचं, म्हणजे व्हायचंच नाही. त्यामुळे देशभरातले काटे पिशव्यांमधून निवांत झोपले होते. जागा होता तो फक्त ग्रॅमताईचा.

पत्र घेऊन ती पर्यवेक्षकांच्या खोलीत गेली. खोली फॉर्मांच्या गठ्ठ्यांनी भरलेली, आणि टेबलावर प्रशिक्षणाची प्लास्टिकची फळं. त्यातल्या केळ्यावर कोणीतरी खरोखर दात मारून पाहिले होते.

“अगं बाई माझे,” पर्यवेक्षक म्हणाले, “एक वाटी लिहायची होतीस. सगळे लिहितात. मार्गदर्शिकेत आहे ना, शंका असल्यास एक वाटी.”

“मला शंका नव्हती, साहेब. मी मोजलं होतं.”

“तिथेच तर घोळ झाला.” त्यांनी खालचा खण ओढला आणि एक फ्रेम काढली. त्यात सोनेरी अक्षरांत ‘पोटभर जिल्हा’ असं प्रशस्तिपत्रक होतं. “तुझे एकसष्ट वगळले की आपला जिल्हा या यादीत जातो. फ्रेम मी आधीच करून घेतली. भिंतीला खिळाही ठोकलाय.”

“आणि बायकांसाठी यायचं होतं ते पोषण केंद्र?”

“पोटभर जिल्ह्याला केंद्र कशाला लागतं?”

ग्रॅमताईने खिळ्याकडे पाहिलं. चांगला मजबूत होता. मग ती घरी आली, बसची वेळ पाहिली आणि काट्यात नवे सेल घातले.

हे एकसष्ट फॉर्म नेमके कुठून उगवले, ते सांगायला हवं. ते उगवले तिच्या सासूबाईंच्या ओट्यावर.

पाहणी सुरू व्हायच्या आधी ग्रॅमताई घरी सराव करत होती. नवरा पहिल्याच दिवशी ‘मी जेवतोय की परीक्षा देतोय?’ म्हणून उठला होता. उरल्या सासूबाई. त्या कधी उठून जात नसत, कारण मुळात बसत नसत.

“आई, काल दुपारी काय खाल्लंत?”

“तुम्ही खाल्लं तेच. भात, भाजी.”

“भात किती वाट्या?”

“एक.”

तीन दिवस विचारलं, तीन दिवस एक वाटी. आता ग्रॅमताईला सवय अशी की शिजलेलं भांडंही ती येता-जाता काट्यावर ठेवायची. चौथ्या दिवशी तिने बेरीज केली. शिजलेला भात साडेनऊशे ग्रॅम. सासरे, नवरा, मुलं आणि ती स्वतः, सगळ्यांच्या ताटात मिळून आठशे ऐंशी. उरले सत्तर. आणि सासूबाईंची एक वाटी म्हणजे दीडशे. सत्तर ग्रॅममधून दीडशे ग्रॅम जेवणारी बाई या घरात बत्तीस वर्षं राहत होती आणि कोणी वर्तमानपत्राला कळवलंही नव्हतं.

“आई, खरं सांगा. वाटी घेतली होतीत?”

“वाटी कशाला खरकटी करायची? भांडं घासायचं असतंच. त्यातच खरवडून खाते.”

“मग मला एक वाटी का सांगितलंत?”

“तू वाटीत विचारलंस, मी वाटीत सांगितलं.” सासूबाईंनी उलथनं धुऊन जागेवर लावलं. “एवढी शिकलेली तू. ‘किती’ काय विचारतेस? ‘कशात’ ते विचार.”

दुसऱ्या दिवसापासून ग्रॅमताईने फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कशात खाल्लंत? पुरुष ‘ताटात’ म्हणायचे आणि हिच्या डोक्यावर परिणाम झालाय अशा नजरेने बघायचे. बायका मात्र आधी हसायच्या, मग दाराकडे बघायच्या, मग भांड्याकडे बोट दाखवायच्या. अशा एकसष्ट निघाल्या. त्या प्रत्येकीकडे ती जेवणाच्या वेळेला पुन्हा गेली. खरवडायच्या आधी भांड्याचं वजन, खरवडल्यानंतर भांड्याचं वजन, वजाबाकी. सगळ्यात कमी अडतीस ग्रॅम, सगळ्यात जास्त सत्त्याण्णव. एक आजी तर म्हणाल्या, “थांब गं, काट्यासमोर जरा नीट खरवडते. सरकारला कमी नको वाटायला.”

तर बुधवारी सकाळी काटा मांडीवर घेऊन ग्रॅमताई राजधानीच्या बसमध्ये बसली.

तिथे तिची गाठ पडली चाळणीसाहेबांशी. देशभरचे आकडे त्यांच्या कॉम्प्युटरमधून गाळून पुढे जायचे, म्हणून हे नाव. माणूस अतिशय सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मगच एकसष्ट बायकांना नाही म्हणाले.

“अशक्य असं मी म्हणत नाही हो. मशीन म्हणतं.”

“मशीन जेवतं का?”

“नाही.”

“मग त्याला कसं कळलं?”

“त्याला नियम कळतो. मोठ्या माणसाचं जेवण शंभर ग्रॅमच्या आत असेल तर ती चूक.”

“नियम कोणी केला?”

चाळणीसाहेबांनी चष्मा पुसला. “मीच.”

मग त्यांनी मोठ्या कौतुकाने देशाचा आलेख उघडला. पुरुषांची रेघ डोंगरासारखी वरखाली जात होती. बायकांची रेघ भिंतीसारखी सरळ. दीडशे, दीडशे, दीडशे, समुद्रापासून डोंगरापर्यंत दीडशे. “इतके स्वच्छ आकडे मी नोकरीत पाहिले नाहीत,” ते म्हणाले. “फक्त तुमच्या जिल्ह्यात हा खड्डा.”

ग्रॅमताईने आलेखाला नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं.

“साहेब, अख्ख्या देशातल्या बायकांची पोटं एका साच्यात काढलीत का?”

“म्हणजे?”

“ही एक वाटी आहे. मार्गदर्शिकेतली. शंका असल्यास एक वाटी. यात बायका कुठेच नाहीत, नुसती वाटी आहे.”

चाळणीसाहेबांनी त्या सरळ रेघेवरून बोट फिरवलं. आपण इतकी वर्षं ज्याला नदी समजत होतो तो नळ निघाला, असं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं. पण सरकारी माणूस एका वाक्याने हलत नाही. “पुरावा?” ते म्हणाले. “एकसष्ट घरं दूर आहेत. इथे काय आहे?”

इथे जेवणाची सुट्टी झाली होती.

कार्यालयाचं कँटीन तळमजल्यावर. दोनशे माणसं जेवायची, आणि एका मावशीच्या हाताखालून सगळी जायची. ग्रॅमताई रांगेत उभी राहिली नाही. ती खिडकीच्या आतल्या बाजूला गेली, मावशींनी दिलेल्या स्टुलावर काटा मांडला आणि वाट पाहत बसली. मागे चाळणीसाहेब, अवघडलेले, हातात वही. खिडकीबाहेर खुद्द संचालक, हातात ताट. ते दुसऱ्यांदा भात घ्यायला आले होते, आणि भांड्यातला शेवटचा डाव नुकताच त्यांच्या ताटात पडला होता.

“मावशी, तुम्ही जेवलात?” ग्रॅमताईने विचारलं.

“हे काय, जेवतेच आता.”

“किती जेवता?”

“एक वाटी असेल की.”

चाळणीसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी ‘एक वाटी’ असं लिहूनही टाकलं.

“कशात जेवता, मावशी?”

मावशी आधी हसल्या. मग दाराकडे पाहिलं. मग भाताच्या भांड्याकडे बोट दाखवलं.

भांडं काट्यावर चढलं: दोन हजार तीनशे एक्केचाळीस. मावशींनी उलथन्याने चारी बाजूंनी खरवडून, उभ्या उभ्या, पाच घासांत जेवण उरकलं. भांडं पुन्हा चढलं: दोन हजार दोनशे सत्तर. वजाबाकी ग्रॅमताईने केली नाही. ती चाळणीसाहेबांना करू दिली.

“एकाहत्तर,” ते म्हणाले. आवाज वहीतच राहिला.

ते तडक वर गेले, मागोमाग सगळी वरात, त्यात हात पुसत मावशीही. आकडा कॉम्प्युटरमध्ये घातला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

“काय म्हणतंय ते?” मावशींनी विचारलं.

“तुम्ही अशक्य आहात म्हणतंय,” चाळणीसाहेब म्हणाले.

“घरीही हेच म्हणतात,” मावशी म्हणाल्या, आणि खाली भांडी पडली होती म्हणून निघून गेल्या.

संचालक दारात उभे होते. ताट अजून त्यांच्या हातात होतं, आणि ताटात दुसऱ्यांदा वाढलेला भात. तो खाता येईना, ठेवता येईना. “नियम काढा,” एवढंच ते म्हणाले.

आणि मग ग्रॅमताईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण आला, तो असा: चाळणीसाहेब स्वतःची खुर्ची सोडून उठले, तिला बसवलं आणि म्हणाले, “तुमचे एकसष्ट तुम्हीच परत घाला. माझ्या हाताने नको.” ती एकेक करत घालत गेली. अडतीस. चौपन्न. सत्त्याण्णव, काट्यासमोर नीट खरवडणाऱ्या आजींचे. मशीन एकदाही लाल झालं नाही. बाहेर पडली तेव्हा तिचं ओळखपत्र सुलट होतं. ते तिने केलं होतं की वाऱ्याने, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

पुढचं सरकारी पद्धतीने झालं. सूचीत नसलेला पदार्थ त्याच्या नावाने नोंदवता येत नव्हता, म्हणून समिती बसली. खरवडीत काय काय असतं ते तपासायला बुडाला लागलेल्या बारा भांड्यांची निविदा निघाली. पहिली बारा भांडी घासून लखलखीत आली, ती परत पाठवावी लागली. शेवटी क्रमांक पडला, जो तुम्ही वाचलेला नाही. फॉर्ममध्ये नवा प्रश्न आला, ‘कशात खाल्लंत?’, आणि देशभरचे काटे पिशव्यांमधून डोळे चोळत बाहेर आले. बायकांची ती सरळ भिंत जिल्ह्यामागून जिल्हा खचत गेली. चाळणीसाहेब रोज ती बघायचे आणि म्हणायचे, नोकरीत इतके खरे आकडे पाहिले नाहीत.

ग्रॅमताईच्या जिल्ह्याला पोषण केंद्र मिळालं. पर्यवेक्षकांनी फ्रेममधलं प्रशस्तिपत्रक काढून त्यात केंद्राच्या वेळा लावल्या. खिळा होताच.

घरी सासूबाईंनी छापील सूची मागून घेतली. क्रमांकावर बोट ठेवून त्या शेजारणीला म्हणाल्या, “बघ. तू आयुष्यभर पुलावाच्या फुशारक्या मारल्यास. हे माझं, सरकारदरबारी लागलं.” नंतर सगळ्यांना वाढलं, आणि सगळे उठल्यावर भांडं पुढ्यात ओढलं.

“आई,” ग्रॅमताई म्हणाली, “आता तरी ताट घ्या ना. मी वाढते.”

“थांब. आधी लिहून घे.”

“काय?”

“अर्ज. तुझ्या कार्यालयाला. तुझं अक्षर चांगलं आहे.”

ग्रॅमताई कागद घेऊन ओट्यापाशी बसली. सासूबाई उलथनं हातात धरून सांगत गेल्या, ती लिहीत गेली, आणि एकाही शब्दावर तिने शंका घेतली नाही.

‘प्रति, माननीय संचालक, राष्ट्रीय आहार पाहणी.

विषय: क्रमांक अकराशे सत्तेचाळीसची प्रत्यक्ष पाहणी करण्याबाबत.

महोदय, ‘कशात खाल्लंत?’ हा प्रश्न अर्जदाराच्या ओट्यावर तयार झाला असून त्याची नोंद कुठेही नाही. त्याबद्दल तक्रार नाही. तरी विनंती की, आपण सलग सात दिवस आमच्या घरी दुपारच्या जेवणास यावे, घरातल्या सर्वांना स्वतः वाढावे, सर्व उठल्यावर बसावे, आणि वाटी मागू नये. काटा आमच्याकडे आहे. आपल्या जेवणाचे वजन अर्जदार स्वतः, ताटावर बसून, आपल्यासमोर नोंदवेल. येण्याचा दिवस उलट टपाली कळवावा, ही विनंती.’