सुषमाची भट्टी

दुपट्याची कड पुन्हा तपकिरी झालेली दिसली आणि सुषमाने ते मशीनवरच आपटलं. "मेली भट्टी!"

भट्टी म्हणजे तिचा कपडे सुकवायचा ड्रायर. हजीऱ्याकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या गेस्टहाउसमधून भंगारात निघालेला, परदेशी, म्हशीएवढा आणि वयाने बहुतेक सुषमापेक्षा मोठाच. लिंबायतच्या गल्लीत तो टेंपोतून उतरला तेव्हा सगळी गल्ली खदखदा हसली होती. हसेनात का! सुरतच्या पावसाळ्यात दोरीवरचा रुमालसुद्धा सुकायचं नाव घेत नाही, आणि याच म्हशीच्या जिवावर सुषमाला जवळच्या प्रसूतिगृहाचं काम मिळालं होतं. बाळांची दुपटी, झबली, लंगोट. त्या कामाने घरात तिचा शब्द चालायला लागला होता.

पण श्रावण लागला आणि मशीन तापायला लागलं. साधंसुधं नाही, दाराला हात लावला की चटका बसावा असं. प्रसूतिगृहाच्या सरलाबाई काल कडक शब्दांत सांगून गेल्या होत्या. "उद्या संध्याकाळी शेवटचं बघते, सुषमाताई. करपलेलं दुपटं नव्या बाळाला गुंडाळू का मी? जमत नसेल तर काम दुसरीकडे देते." बाईचं बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

सकाळी भूपेंद्र मिस्त्री आला. माणूस वाईट नाही, पण हातापेक्षा मान जास्त हलवतो. त्याने आतला थर्मोस्टॅट बदलला, मशीन चालू केलं, ते पुन्हा तापलं. मग त्याने हात पुसले आणि मान हलवली. "सुषमाबेन, आ तो पती गयुं, संपलं हे. जुनं मशीन आहे, काढून टाका."

योगराजला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तेवढंच हवं होतं. लूमवरची पाळी करून आलेला, डोळे तांबडे. "मी कधीचा सांगतोय. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

"भंगारमा देऊ नका रे," दाराशी खाटेवर बसलेल्या धुरपदाबाई त्यांच्या खानदेशी बोलीत म्हणाल्या. "चांगलं मशीन शे."

सुषमा बघतच राहिली. या सासूबाईंनी इतक्या वर्षांत सुनेच्या चहालाही कधी चांगलं म्हटलं नव्हतं! पण या पावसाळ्यात मशीनचा विषय निघाला की त्या मशीनच्याच बाजूने बोलायच्या. सुषमाला भरून आलं. घरात कुणीतरी आहे म्हणायचं आपल्या बाजूचं.

तिने पदर खोचला. "याचं मूळ सापडेपर्यंत मी हलणार नाही."

"तू काय इंजिनिअर आहेस?" योगराज म्हणाला.

"नाही. पण सासरी नांदलेय. कोण कशाने तापतं ते मला कळतं."

भूपेंद्र हसत निघून गेला. सुषमाने कपड्यांचा भुगा अडकतो ती जाळी काढली. स्वच्छ होती, ती तर प्रत्येक खेपेला झटकायची. आतलं पिंप फिरत होतं. पट्टा घट्ट होता. पंखाही घुमत होता. मग ही गरमी आतच का कोंडतेय? तिची नजर मशीनच्या पाठीकडे गेली. तिथून एक पाइप भिंतीतून वर गच्चीवर जायचा, गरम वारा बाहेर टाकायला.

"जरा हात लावा," ती नवऱ्याला म्हणाली. कुरकुरत का होईना, त्याने लावला. दोघांनी म्हैस पुढे ओढली. सुषमाने पाइप उपसून काढला, ओली दुपटी आत टाकली आणि बटण दाबलं. खोलीभर वाफ झाली, भुगा उडाला, योगराज खोकत बाहेर पळाला. पण तिने दारावर तळहात ठेवला, तर तो ठेवता आला. दुपटी निघाली ती कोरडी, पांढरीशुभ्र.

"मशीनमध्ये काही खोट नाही!" ती ओरडली. "खोट पाइपमध्ये आहे. गच्चीवर बघते."

"वर जाऊ नको वं," धुरपदाबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "पाय घसरी."

सुषमा तोवर जिन्यात होती.

गच्चीवरच्या पत्र्याखाली पाइपचं तोंड होतं, आणि त्या तोंडावर सासूबाईंचं जुनं लुगडं दुहेरी करून बांधलेलं. वर बिबडे मांडलेले. ज्वारीचे पापड, उन्हाळ्यात अमळनेरहून डबा भरून आणलेले. खानदेशातल्या कोरड्या हवेत हे बिबडे वर्षभर टिकतात, पण सुरतच्या दमट हवेने पार सादळले होते. म्हातारीला फुकटचा गरम वारा सापडला होता.

अच्छा! म्हणजे चांगलं मशीन ते असं! सुषमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिबडे बाजूला सारून तिने गाठ सोडली, लुगडं उलटं केलं. खालून भुग्याचा जाड थर बसला होता आणि मधोमध कापड काळं पडलेलं. राग तिथेच विरला. अजून थोडे दिवस गेले असते तर घर पेटलं असतं, खाली खाटेवर पडलेल्या म्हातारीसकट.

लुगडं काखेत मारून ती खाली आली.

"काय होतं?" योगराजने विचारलं.

धुरपदाबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. बोलायचं असतं तर हीच वेळ होती, सगळ्या वर्षांचं उट्टं निघालं असतं. सुषमाने लुगडं धुण्याच्या ढिगात टाकलं. "काही नाही. वाऱ्याने उडून कपडा अडकला होता."

पाइप परत बसला. भट्टी गुमान चालली. संध्याकाळी सरलाबाई आल्या, दुपट्याची कड बोटांत चोळून पाहिली, गालाला लावून पाहिली. "चादरी पण पाठवते उद्या," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांची पाठ वळली, तशा धुरपदाबाई मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या. भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी मिठालाच दोष देणारी बाई ती.

"योगराज, तो कपडा उडेल नव्हता. मीच बांधेल व्हता." मग सुनेकडे न बघता, हळू आवाजात, "घर पेटतं का वं?"

"पेटलं असतं, आई."

योगराजने तोंड उघडलं, पण सुषमाने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. ती वर गेली, बिबडे ताटात गोळा करून आणले आणि ते ताट भट्टीच्या कोमट माथ्यावर ठेवलं. "इथं ठेवत जा. पाइपच्या तोंडावर नाही."

बऱ्याच वेळाने म्हातारीने एक बिबडा उचलून मोडून पाहिला. कडकन मोडला. अर्धा तिने सुनेपुढे धरला.

"खाय," म्हणाली. "चांगलं मशीन शे तुनं."