कारभारीचं विमान

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. संगणकाच्या पत्र्याच्या डब्यात बसून घरादाराचं लिहिलेलं-काढलेलं सांभाळणारी. मला कुणी पाहिलेलं नसतं. माणसं बोलतात ती पडद्याशी, चिडतात कीबोर्डवर. आणि मी आत मुकाट्यानं फिरत असते.

जन्मले परदेशात, पण आयुष्य गेलं नगरला, सावेडीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात. सत्त्याण्णव साली वृषालीनं मला आणलं. ती घरीच डीटीपीचं काम करायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जयंतीची पत्रकं. आई नव्हती. घरात ती आणि तिचे वडील, सहादूअण्णा.

अण्णा पारनेरकडच्या खेड्यातून विमानदलात भरती झाले होते. सगळी नोकरी विमानांच्या पोटाखाली, हातात पाना घेऊन केली. आता पेन्शन होती आणि हात थरथरायचे.

दिवसा संगणक वृषालीचा, संध्याकाळी अण्णांचा. विमान उडवायचा एक खेळ माझ्यात घातलेला होता. त्यात बाहेरून आणखी विमानं आणून बसवता येत. अण्णा मासिकांबरोबरच्या सीड्या जमवायचे, जवळच्या कॉम्प्युटर क्लासच्या पोरांकडून फ्लॉप्या भरून आणायचे. सगळ्या फायली त्यांनी एकाच जागी ओतल्या आणि एके दिवशी खेळ उघडेचना.

वृषाली वैतागली. "अण्णा, असा ढीग नाही करायचा. प्रत्येक विमानाला वेगळं फोल्डर. त्यात पुन्हा कप्पे. रूप एकात, रंग दुसऱ्यात, आवाज तिसऱ्यात, वैमानिकासमोरची काट्यांची घड्याळं चौथ्यात. एकाचं दुसऱ्यात गेलं की बिघडतं."

"म्हंजी आमच्या इमानांच्या हँगरवानीच की," अण्णा म्हणाले. "आधी का न्हाई सांगितलं?"

मग त्यांनी माझ्यात जो संसार मांडला, तसा कुणी मांडला नसेल. थरथरत्या बोटानं माऊस धरून एकेक फाईल जागच्या जागी नेली. चुकीच्या ठिकाणी सुटली, तर पुन्हा उचलून आणली.

त्यात एक डकोटा होतं, दोन पंख्यांचं जुनं मालवाहू विमान. त्यावर त्यांचा फार जीव. त्याचं रूप एका सीडीतलं, रंग दुसरीतला. आवाज मात्र जमेना. स्पीकरला कान लावायचे आणि मान हलवायचे. "न्हाई. आशी न्हाई बोलत डकोटा." दुसऱ्या विमानांचे आवाज आणून त्या कप्प्यात ठेवून बघायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. एका संध्याकाळी इंजिन सुरू झालं आणि अण्णा डोळे मिटून नुसते ऐकत राहिले. त्या फोल्डरला त्यांनी नाव दिलं, कारभारी.

तेव्हापासून रोज तेच विमान. डोंगरांतून उचलायचं आणि सपाट धावपट्टीवर अलगद उतरवायचं. उतरलं की अण्णा संगणक बंद करायचे. वृषालीनं कधी विचारलं नाही. म्हातारा रमलाय, बरंय, एवढंच तिला वाटायचं.

पुढच्या वर्षी एका साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालाचं काम तिला मिळालं. एवढं मोठं काम पहिलंच. फोटो स्कॅन करून घालता घालता माझ्यातली जागा संपली. छापखान्याचा माणूस दारात उभा. वृषालीनं घाईघाईनं सगळं चाळलं, विमानांचं अख्खं फोल्डर निवडलं आणि पुसून टाकलं. मग कचऱ्याची पेटीही रिकामी केली. अण्णा बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते.

लोकांना वाटतं, पुसलं की गेलं. तसं नसतं. माझ्याकडे फक्त नाव खोडलं जातं; वस्तू जागेवरच असते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. कारभारीचं विमान अजून माझ्यात होतं. तिनं तिथंच हात थांबवला असता, कुणा जाणत्याला बोलावलं असतं, तर मिळालंही असतं. पण मला हाक मारता येत नाही. पुढच्या क्षणाला चेअरमनचा हारातला फोटो त्या डकोटाच्या पंखांवर येऊन बसला. त्यामागून ताळेबंदाची पानं आली.

संध्याकाळी अण्णा खुर्चीत बसले. बराच वेळ शोधत राहिले.

"वृषे, कारभारी कुटं गेला?"

"पुसलं मी अण्णा. जागाच नव्हती. खेळच होता ना तो? परत आणू."

अण्णांनी माऊस बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "कारभारी माझ्या बराकीत हुता. पूर्वेकडं पोस्टिंगवर असताना. सुट्टीला निघाला, मीच त्याची ट्रंक डकोटात चढवून दिली. डोंगरात धुकं लई. इमान काय खाली आलं न्हाई. मानूस बी घावला न्हाई." पडद्याकडं बघत म्हणाले, "आता रोज उतरवत हुतो त्याला. येवढंच."



मग वृषालीनं काय नाही केलं! सीड्या शोधल्या, पण काही क्लासच्या पोरांनी नेऊन हरवल्या होत्या. नेट कॅफेत जाऊन डकोटा उतरवून आणलं. कप्पे केले, फाईल न् फाईल नीट लावली, वर नाव दिलं कारभारी. अण्णांचा हात धरून त्यांना बसवलं. इंजिन सुरू झालं. अण्णांनी कान दिला. तिच्याकडं एकदा पाहिलं.

"चांगलं हाय, बाळा. ब्येस केलंस."

विमान त्यांनी उतरवलं, तिच्यासाठी. त्यानंतर ते पुन्हा त्या खुर्चीत बसले नाहीत. संध्याकाळी रिकाम्या पडद्यापुढं वृषाली एकटीच बसायची. एकदा तिनं आवाजांचा कप्पा उघडून वेगवेगळे आवाज स्वतः घालून पाहिले. पण कुठला बरोबर, ते तिला कसं कळणार?

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले.

वर्षअखेरीला, दोन हजार साली जुनी मशिनं बंद पडणार म्हणून बाजारात एकच हाकाटी होती. वृषालीनंही नवा संगणक घेतला. दुकानदार मला जुन्या डब्यातून काढून म्हणाला, "ही टाकून जा इथंच. यात काय राहिलंय आता?"

"काही नाही राहिलं," ती म्हणाली आणि मला पर्समध्ये घातलं. आता मी तिच्या कपाटात आहे. कुठल्याही तारेला जोडलेली नाही. फिरत नाही.

तुमच्याही मशीनवर एखादं नाव असेल, अर्थ न लागणारं. जागा हवी असली तर जरूर पुसा. फक्त आधी घरात हाक मारून एकदा विचारा, हा कोण? उत्तर द्यायला माणूस आहे तोवर विचारा.